सैल धरलेलं लुगडं

विज्ञानाच्या वर्गात बसायचा हक्क मी मागितला तेव्हा त्या वर्गात काय शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं. याची मला आजही लाज वाटत नाही. हक्क मागायला अभ्यासक्रम पाठ असावा लागत नाही. शाळेत आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो. विज्ञानाचा तास आला की आम्हाला उठवून मागच्या खोलीत शिवणाला बसवत. मुलगे आत काचेची नळी, तराजू, लोखंडी गोळे हाताळत आणि आम्ही उशीच्या अभ्र्यावर पोपट काढत असू. माझा पोपट कावळ्यासारखा दिसे. एके दिवशी मी सुई उशीत खोचली आणि घरी येऊन पत्रक लिहिलं.

पत्रकं लिहायचा हात मला होताच. आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचं लिखाण माझ्याकडे असे. परदेशी कापड, दारूचे गुत्ते, लहानपणीची लग्नं, सगळ्यांवर मी तोंडसुख घेतलेलं होतं. पत्रकातलं वाक्य उभ्याउभ्या वाचून संपलं पाहिजे आणि वाचणाऱ्याचा पारा चढला पाहिजे, एवढंच माझं व्याकरण. त्या पत्रकात मी लिहिलं, ‘मुलांना विज्ञान आणि मुलींना पोपट! हा न्याय कोणत्या पुस्तकात आहे? शाळेच्या चालकांनी जाहीर उत्तर द्यावे!’ खळ शिजवलेल्या भांड्याच्या तळाशी राहते ती चिकट खरवड घेतली आणि पत्रक शाळेच्या फाटकाला डकवलं. विणकराच्या घरची खळ ती. शिपायाने खरवडून खरवडून नखं झिजवली, पण ‘पोपट’ हा शब्द फाटकावरून पुढचा उन्हाळा येईपर्यंत गेला नाही.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात शकुरबीच्या घरी दखनी, आणि भांडण असेल तर तिन्ही. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा; नायना मला बिड्डा म्हणत, म्हणजे लेकरू. उजाडायच्या आधी नायना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत. दोरीला हिसका दिला की धोटा या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत पळे आणि खट्कन आपटे. खट्, फणीचा ठोका, खट्, फणीचा ठोका. त्या आवाजात मी जन्मले, त्या आवाजात मला दात आले. अजूनही दुपारी शेजारी कुणी खिळा ठोकत असलं तर मला झोप लागते आणि ठोकणं थांबलं की जाग येते. अम्मा चुलीपाशी चिंचेचं आंबट पातळ कालवण करी, त्यावर लसणाची फोडणी पडली की सबंध बोळ शिंके. ज्वारीची भाकरी, ते कालवण आणि शेंगांची चटणी. मी रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरता भरता एका हाताने जेवे आणि अम्मा ओरडे, “ए पिल्ला, सुताला तेल लावलंस तर हात मोडीन!”

आणि सकाळी गल्लीत ताणा. माग नसलेल्या वाचकासाठी सांगते: लुगड्याचं उभं सूत मागावर चढवण्याआधी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरतात आणि त्यावर ब्रशाने खळ फिरवतात. त्या वेळी घरातला प्रत्येक हात लागतो. सूत कुठे झोळ पडून लोंबलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळी मेहनत मातीत. त्यामुळे आमच्या वस्तीत ‘सैल’ ही जवळजवळ शिवी होती. पोरीचं लक्ष नाही? सैल आहे. जावई कामाचा नाही? सैल आहे. ताणा धरलेल्या माणसाने मच्छर चावला तरी हात ढिला सोडायचा नसे. नायनांची ख्याती अशी, की त्यांनी धरलेल्या ताण्यावर बोटाने टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखा आवाज येई. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने माझं वाटोळं होता होता राहिलं.

पत्रकाचा परिणाम झाला. हेडमास्तरांनी मला बोलावलं, पोपटावरून आधी खूप बोलले, आणि शेवटी विज्ञान शिकवणाऱ्या दातारमास्तरांच्या हवाली केलं. दातारमास्तर म्हणजे टोपी सरळ, वाक्य सरळ, मिशी मात्र एका बाजूने जरा वर. त्यांनी माझ्याकडे न बघता शिपायाला सांगितलं, “एक बाक व्हरांड्यात टाक. खिडकीपाशी.”

मी म्हणाले, “मास्तर, मी वर्ग मागितला होता.”

“आणि मी खिडकी दिली. पत्रक लिहिता येतं तुला, ते मी वाचलं. विज्ञान येतं का ते बघू. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येतील तेव्हा प्रत्येकाने एकेक नियम प्रयोगाने दाखवायचा आहे. तू दाखवलास आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलंस तर बाक आत. नाही तर पोपट आहेच.”

पोपट तरी कुठला! नायनांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की शाळेत पुढचं काही शिकवणार असतील तर जा, नुसतं शिवण शिकायला शाळा कशाला, ते अम्मा शिकवील. आणि शाळा सुटली की भिवंडीचं स्थळ तयार होतं. मुलाचे स्वतःचे माग होते आणि त्याला बायकोपेक्षा कांड्या भरणारी हवी होती. म्हणजे तो व्हरांड्यातला बाक आत जाणार की मी भिवंडीला जाणार, एवढाच प्रश्न होता.

पहिल्याच तासाला मास्तरांनी मोमेंटम काढला. आता पुस्तकांत त्याला संवेग म्हणतात. आमच्या वेळी असा शब्दच नव्हता, सगळं इंग्रजीत. मुलगे एका सुरात घोकत, मास गुणिले व्हेलॉसिटी, मास गुणिले व्हेलॉसिटी, आणि मग इम्पल्स म्हणजे फोर्स गुणिले टाइम. खिडकीतून ते मला भजनासारखं ऐकू येई. अर्थ कुणालाच कळत नव्हता असं माझं आजही मत आहे. पण त्यांना कळायची गरज नव्हती, ते आत होते. मला गरज होती. माझा संताप झाला. बाहेर बसवून ठेवायचं आणि आत जे सांगायचं तेही धड सांगायचं नाही! मी खिडकीतून हात वर केला. “मास्तर, मोमेंटम म्हणजे नक्की काय? तो दिसतो कुठे?” आतून कुणीतरी म्हणालं, “भिवंडीला दिसतो.” सगळा वर्ग हसला. बातमी तिथवर पोचली होती.

तो मला दिसला घरी. कांडी भरलेला धोटा आणि रिकामा धोटा, दोन्ही नायना एकाच हिसक्याने पळवत नसत, हे मी जन्मापासून बघत आले होते आणि कधी पाहिलं नव्हतं. भरलेल्याला हिसका जोराचा लागे आणि समोरच्या पेटीत तो आपटेही जोरात. जड आहे म्हणून. आणि रिकामा धोटासुद्धा फार जोरात पळवला तर तसाच आपटे. वेग जास्त म्हणून. वजन आणि वेग, दोन्हींचा गुणाकार. मी रहाट सोडून ओरडले, “नायना, धोटा परत मारा! आता हळू! आता जोरात!” नायनांनी बिचाऱ्यांनी चार-पाच वेळा मारला आणि मग विचारलं, “बिड्डा, शाळेत माग बसवलाय काय?”

मोमेंटम असा हाती आला, पण इम्पल्स येईना. फोर्स गुणिले टाइम. धक्क्याचा वेळाशी काय संबंध? धक्का तर एका क्षणात बसतो.

तो बसला मलाच. सुताची गाडी आली होती. गाडीवानाने वरून गठ्ठे फेकायचे आणि आम्ही खाली झेलायचे, हे नेहमीचं. त्या दिवशी माझं डोकं फोर्स गुणिले टाइममध्ये होतं. मी खांबासारखी ताठ उभी राहिले, हात पुढे ताठ. गठ्ठा आला, हातांवर आदळला आणि मी मागे बसले ती थेट शेणाच्या पाटीत. शकुरबी तिच्या ओट्यावरून म्हणाली, “अगे राजम्मा, गठ्ठे से कुस्ती खेलती क्या? हात पिच्छे ले, हल्लू!” मी उठले. गाडीवानाला म्हणाले, “पुन्हा तस्साच टाक. जोर कमी करू नको.” या वेळी गठ्ठा हातांना लागला तशी मी हात मागे घेतले, एक पाऊलही मागे सरले, आणि तो माझ्या कुशीत येऊन निजला. गठ्ठा तोच. उंची तीच. त्याचा मोमेंटम मला दोन्ही वेळा सगळाच्या सगळा थांबवायचा होता. मग पहिल्यांदा कोपरं का ठणकली? मी त्याला थांबायला वेळ दिला नव्हता! वेळ थोडा, तर धक्का मोठा. वेळ जास्त, तर धक्का लहान. गुणाकार तेवढाच. मी तिथे गल्लीत उभी राहून हसायला लागले. अंगाला शेण, हातात गठ्ठा. अम्मा आतून म्हणाली, “डोक्याला लागलं काय गं?” लागलंच होतं.

आयुष्यात पुढे मी तुरुंगही पाहिला आणि सभेत हारही घालून घेतले. पण त्या गठ्ठ्यासारखा आनंद मला कशाने झाला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते.

प्रयोग मी असा ठरवला: शाळेच्या माडीवरून पाण्याने भरलेलं गाडगं खाली अंगणात सोडायचं. फरशीवर फुटेल. मग तसलंच दुसरं सोडायचं, पण खाली चौघांनी चार कोपरे धरलेलं, दुमडून चौकोनी केलेलं लुगडं. लुगडं खाली दबेल, गाडग्याला थांबायला वेळ मिळेल, फुटणार नाही. घरी मी खाटेला लुगडं झोळीसारखं बांधून वरून टाकून बघितलं होतं. छान झालं होतं. मी मास्तरांकडे चार मुलगे मागितले. मुलांनी सांगितलं, बायकांचं लुगडं आम्ही धरणार नाही. मास्तर मिशी ओढत म्हणाले, “माणसं तुझी तू आण.”

आणली. तपासणीच्या दिवशी आमची वरात शाळेच्या फाटकातून आत शिरली. पुढे नायना धुवट सदऱ्यात. मागे अम्मा, मागावरून नुकतं उतरलेलं लाल काठांचं लुगडं छातीशी धरून. तिच्या मागे शकुरबी आणि आमचा शेजारी व्यंकण्णा, जो ताणा धरण्यात नायनांच्या खालोखाल समजला जाई आणि त्यामुळे नेहमी रागावलेला असे. इन्स्पेक्टरसाहेब पुणेरी पगडी घातलेले, वयस्क, उपरण्याने घाम पुसत बसले होते. तोवर मुलांनी बरेच गोळे घरंगळवून दाखवले होते आणि साहेबांना जांभई आली होती.

मी नियम सांगितला. शिपायाने माडीवरून पहिलं गाडगं सोडलं. फरशीवर फट्कन फुटलं, पाणी उडालं, साहेब जागे झाले. मी म्हणाले, “आता हेच लुगड्यावर. बघा, फुटणार नाही.” आणि माझ्या चार माणसांकडे वळून म्हटलं, “धरा.”

त्यांनी धरलं. चौघांनी आयुष्यभर जसं धरलं तसं. नायनांनी “हो!” केलं, चौघे टाचा रोवून मागे रेलले आणि लुगडं असं ताणलं गेलं की वारा लागून गुणगुणायला लागलं. मला त्या वेळी काही वाटलंच नाही. उलट बरं वाटलं! मीही त्याच गल्लीतली. कापड घट्ट धरलेलं दिसलं की मला सुंदर दिसतं.

गाडगं आलं, लुगड्यावर आपटलं, चेंडूसारखं उसळलं, कलंडलं आणि बाहेर पडून साहेबांच्या जोड्याजवळ फुटलं.

सगळी शाळा हसली. माडीवरची मुलं कठड्यावर हात आपटून हसली. “भिवंडीचं तिकीट काढा!” असं कुणीतरी वरून ओरडलं. दातारमास्तर डोळे मिटून उभे. अम्मा लुगड्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. नायना मला हळूच म्हणाले, “बिड्डा, अजून घट्ट धरू का?”

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. अजून घट्ट! अहो, तेच तर! आणि साहेबांनी नेमकं तेव्हाच विचारलं, “मुली, तू म्हणालीस फुटणार नाही. मग हे काय झालं?”

गप्प बसायची मला सवय नव्हती, आणि पत्रकं लिहून लिहून एक शिकले होते, की समोरच्याने बोट दाखवलं की आपण एक पाऊल पुढे जायचं. मी म्हणाले, “साहेब, नियम बरोबर आहे. धरणारे विणकर आहेत, त्यांनी ताणा धरला. ताणलेलं कापड दबलंच नाही, गाडग्याला थांबायला वेळ मिळाला नाही. उलट कापडाने त्याला वर फेकलं. नुसतं थांबवायचं असतं तर त्याचा होता तेवढा मोमेंटम काढून घ्यायचा होता. इथे तो काढला आणि उलटा परतही दिला. म्हणजे धक्का थांबवण्यापेक्षा जास्त बसला. हे उसळलेलं गाडगं माझ्या नियमाचीच साक्ष देतंय. आता सैल धरून दाखवते.”

साहेबांनी पगडी सरळ केली. जांभई कुठच्या कुठे गेली. “दाखव,” म्हणाले.

पण इथे खरी लढाई. “सैल?” व्यंकण्णा म्हणाला. “चारचौघात सैल धरू? माझ्या बापानं कधी धरलं न्हाय. मी न्हाय धरत, जा!” आणि त्याने कोपरा सोडून दिला. नायना जमिनीकडे बघत राहिले. त्यांना मी काय मागत होते ते मला कळत होतं. त्या माणसाला मी लोकांसमोर वाईट काम करायला सांगत होते. मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, “नायना, सूत आलं तर ताठ धरायचं. पण हे सूत नाही, पडणारं पोर आहे असं समजा. त्याला कसं घ्याल?”

नायनांनी रोवलेल्या टाचा उचलल्या. मग त्यांचे खांदे खाली आले. ओळखीच्या माणसाचे खांदे इतके खाली आलेले मी कधी बघितले नव्हते. लुगड्याला मध्ये झोळ पडला. शकुरबीने ताण सोडला, अम्मानेही सोडला. चौथा कोपरा मात्र फरशीवर लोळत होता.

“मी धरला तर चालेल काय?” साहेब खुर्चीतून उठलेच. हेडमास्तर “अहो, अहो” करत मागे धावले, पण साहेबांनी कोपरा उचलला सुद्धा, आणि नवख्या माणसासारखा दोन्ही मुठींनी गच्च ओढला. अम्मा त्यांच्यावर डाफरली, “ढिला सोडा की ओ साहेब! तुमी पण विणकर हाय काय!”

साहेबांनी सोडला. मी वर हात केला.

जादा आणलेलं तिसरं गाडगं सुटलं. मला ते खाली येताना स्पष्ट आठवतं, पाणी काठाशी थरथरत होतं. लुगड्याला लागलं, चारही हात त्याच्यासोबत खाली गेले, चौघे नकळत एक पाऊल आत आले, आणि गाडगं फरशीच्या वीतभर वर लाल काठांच्या झोळीत बसलं. थोडं पाणी हिंदकळून सांडलं, बाकी सगळं तिथेच. मग माडीवरून टाळ्या पडायला लागल्या, आणि भिवंडीचं तिकीट काढणारेही त्यात होते, हे मी नीट बघून ठेवलं.

साहेब गाडगं हातात घेऊन फिरवून बघत राहिले. मास्तरांना म्हणाले, “दातार, तीस मुलं घोकतात ते या मुलीला कळलंय.” मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आता ते काय म्हणतात याच्यासाठी मनात एक पत्रक मी आधीच रचून ठेवलं होतं, फार कडक. त्याची गरज पडली नाही. मास्तर म्हणाले, “राजम्मा, मोमेंटम मी वीस वर्षं शिकवतो. उसळल्यावर धक्का वाढतो, हे उद्या वर्गाला तू सांग.” आणि माडीवरून खाली आलेल्या शिपायाकडे वळून, “व्हरांड्यातला बाक आत घे रे.”

“मी घेते,” मी म्हणाले. शिपाई हलायच्या आत अम्माने ओचा खोचला आणि बाकाचं दुसरं टोक धरलं. शिसवी बाक, जड. आम्ही दोघींनी तो खिडकीपासून उचलला, उंबऱ्यावरून आत नेला. मुलगे इकडेतिकडे सरकले. पुढच्या ओळीत, अगदी मास्तरांच्या टेबलासमोर मी जागा निवडली. हात भरून आले होते, मी बाक धाडकन सोडणारच होते, तेवढ्यात अम्मा म्हणाली,

“हळू गं. थांबायला वेळ दे त्याला.”

बाक फरशीवर टेकला, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आवाज करायला त्या वर्गात आता मी होते.